शेजारच्या सीटवरचा माणूस

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराला लागून, डीकाल्ब नावाची काउंटी आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे १६ हजार शाळकरी मुलामुलींना घेऊन एक मोठा प्रयोग सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाला त्या काळी देता येईल तितकं उत्तम ड्रायव्हिंगचं शिक्षण दिलं: वर्ग, सिम्युलेटर, मोकळं मैदान आणि मग खरा रस्ता, असे सगळे मिळून सत्तरएक तास. दुसऱ्या गटाला परवाना मिळण्यापुरतं जुजबी शिकवलं. तिसऱ्याला शाळेने काहीच शिकवलं नाही. घरच्यांकडून शिका नाहीतर बाहेर क्लास लावा. पहिल्या गटाचे अपघात धडाधड कमी होतील, अशी सगळ्यांची खात्री होती. झालं भलतंच. शिकलेल्या मुलांनी परवाने लवकर काढले, ती लवकर रस्त्यावर आली आणि अपघातांच्या आकड्यांत टिकेल असा काही फरक दिसेना. २००१मध्ये कॉक्रेन या संस्थेसाठी संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही हेच हाती आलं. शाळेतल्या ड्रायव्हिंगच्या तासांनी अपघात घटतात याला पुरावा नाही. परवाना लवकर मिळतो एवढं मात्र नक्की.

हे वाचून आपल्याकडच्या जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानाची आठवण आल्याशिवाय राहत नाही. पूर्वी सप्ताह असायचा, २०२१मध्ये पहिल्यांदा त्याचा महिना झाला. कॉलेजच्या सभागृहात आरटीओचे साहेब येतात, अपघाताची चित्रफीत लावली जाते, मागच्या रांगेतली पोरं मोबाइल बघतात, शपथ होते, चहा-बिस्किटं होतात आणि तीच पोरं पार्किंगमधून तिघं-तिघं एका गाडीवर बसून घरी जातात. साहेबांची तळमळ खोटी नसते. पण सांगितलं म्हणजे झालं, हा जो समज आहे, तो डीकाल्बच्या सत्तर तासांपुढे टिकला नाही, तर आपल्या पाऊण तासापुढे काय टिकणार?

मग गाडी चालवण्याचं कौशल्य वाढवावं, असं कोणी म्हणेल. नॉर्वेने १९७९मध्ये ते करून पाहिलं. तिथे रस्त्यावर बर्फ साचतो, गाडी घसरते. तेव्हा घसरलेली गाडी सावरायचं प्रशिक्षण नव्या चालकांना सक्तीचं केलं. निसरड्या रस्त्यांवर तरुण मुलांचे अपघात त्यानंतर वाढले. याचं कारण १९९६मध्ये स्वीडनच्या नील्स पेटर ग्रेगेरसेन यांच्या प्रयोगातून उलगडलं. त्यांनी तरुण चालकांच्या एका गटाला अचानक आलेला अडथळा चुकवण्याची आणि ब्रेक लावण्याची तालीम दिली. दुसऱ्या गटाला फक्त एवढंच दाखवून दिलं की अशा वेळी आपल्या हातात फारसं काही उरत नाही. नंतर परीक्षा घेतली, तर दोन्ही गटांची प्रत्यक्ष कामगिरी सारखीच. पण आपल्याला किती जमतं, याचा अंदाज पहिल्या गटाचा पार चुकला होता. हात तयार झाला नव्हता, हिंमत तेवढी वाढली होती.

इथवर सगळी नजर स्टिअरिंग धरणाऱ्यावर आहे. त्याला शिकवा, त्याला घाबरवा, त्याला दंड करा. दंडाचं महत्त्व कमी नाही, त्याबद्दल पुढे येईलच. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्या कार्यक्रमांनी खरोखर काही साधलं, त्यांतले बरेचसे बारकाईने पाहिले, तर त्यांचं लक्ष भलत्याच माणसाकडे आहे असं दिसतं. ते बघतात शेजारच्या सीटवर कोण बसलंय याकडे.

तो कोण आहे, यावर सगळं अवलंबून असतं. २०००मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १६-१७ वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात तपासले. मूल एकटं गाडी चालवत असताना जो धोका, तो एक सोबती बसला की वाढतो, दोन बसले की आणखी वाढतो आणि तीन किंवा जास्त बसले की तिपटीच्या आसपास जातो. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५मध्ये हीच गोष्ट व्हिडिओ गेमवर दाखवली. सिग्नल पिवळा झालाय, पुढे जायचं की थांबायचं, असा तो खेळ. एकेकट्याने खेळताना पोरं आणि मोठी माणसं यांच्यात फार फरक नव्हता. मित्र मागे उभे केले आणि पोरांनी धोका पत्करायचं प्रमाण एकदम वाढलं. मोठ्यांना मित्र असण्या-नसण्याचं काही वाटलं नाही. म्हणजे ‘पोरगं बेफिकीर आहे’ हे अर्धंच खरं. एकटं असताना ते बऱ्यापैकी शहाणं असतं. मित्रांसमोर मात्र त्याला ते शहाणपण परवडत नाही.

ही आकडेवारी हाती येण्याच्या कितीतरी आधी न्यूझीलंडने तिच्यावर उपाय केला होता. १ ऑगस्ट १९८७पासून तिथे परवाना पायऱ्यापायऱ्यांनी मिळू लागला. आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मर्यादित परवाना असताना रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत एकट्याने गाडी चालवायची नाही आणि शेजारी अनुभवी चालक नसेल तर इतर कोणाला गाडीत घ्यायचं नाही. गाडी कशी चालवायची, यापेक्षा कधी आणि कोणाबरोबर चालवायची, याला आलेलं महत्त्व लक्षात घ्या. अशी व्यवस्था पुढे अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात पसरली आणि जिथे नियम कडक होते तिथे तरुणांचे अपघात घटले.

यातला सगळ्यांत तपशीलवार नमुना ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्नच्या बाजूला, बघायला मिळतो. रस्त्यांच्या बाबतीत हे राज्य पहिल्यापासून खमकं. सीट बेल्ट सक्तीचा करणारं जगातलं पहिलं राज्य हेच, डिसेंबर १९७०मध्ये. त्या एका वर्षात तिथल्या रस्त्यांवर १,०६१ माणसं मेली होती. लोकसंख्या तेव्हापासून दुप्पट झाली, तरी अलीकडच्या बहुतेक वर्षांत हा आकडा तीनशेच्या आत राहिला आहे. तिथे सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, पण एकट्याने गाडी चालवायला अठरा पूर्ण लागतात. मधल्या काळात, एकवीसच्या आतल्या मुलांना, कोणाला तरी शेजारी बसवून १२० तास गाडी चालवावी लागते; त्यातले २० तास रात्रीचे.

हे १२० तास मोजायला एक वही असते, आता ॲपही आहे. तारीख, वेळ, निघताना आणि पोचल्यावर गाडीच्या मीटरवरचा आकडा, रस्ता कोणता, पाऊस होता का, रहदारी किती, उजेड की अंधार, आणि शेवटी शेजारी बसलेल्याची सही. मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हेच चालतं आणि त्यात एक गंमत आहे. सही करणारे बाबा पुण्यात किंवा नाशकात आठचा आकडा काढून परवाना मिळवलेले. त्यांना मुलीला शिकवता शिकवता राउंडअबाउटला थांबायचं कोणी, हे नव्याने शिकावं लागतं. भाजी आणायला मुलगी गाडी काढणार, मंडळाच्या गणपतीला मुलगीच घेऊन जाणार आणि बाबा डावीकडे बसून वहीत तास भरणार. शिकाऊ चालकाचे अपघात फार कमी होतात, ते या शेजारच्या बाबांमुळेच. ते उतरले, गाडीवर नव्या परवान्याची लाल ‘पी’ची पाटी लागली, की धोका एकदम उसळतो, एकट्याने गाडी चालवण्याचे पहिले काही महिने आयुष्यातले सगळ्यांत वाईट. म्हणून २००८पासून त्या पहिल्या वर्षात गाडीत एकापेक्षा जास्त समवयस्क मित्र घ्यायची बंदी आहे. भावंडं चालतात. लाल पाटीनंतर तीन वर्षं हिरवी पाटी, आणि या चारही वर्षांत दारूचा एक थेंब नाही.

आता प्रश्न असा, की १२० तास शेजारी बसणारं कोणी घरात नसेल तर? आई एकटी आहे आणि दोन पाळ्या करते, घरी गाडी नाही, किंवा आईबाप नव्याने देशात आलेत आणि त्यांचाच परवाना झालेला नाही. अशी मुलं एक तर परवान्याशिवाय गाडी हाकतात, नाहीतर परवान्याअभावी नोकरीला मुकतात. यासाठी तिथे ‘एल टू पी’ नावाचा कार्यक्रम आहे. पैसा सरकारी अपघात विमा संस्थेचा, चालवतात गावोगावच्या नगरपालिका आणि स्थानिक संस्था. गाडी संस्थेची आणि शेजारी बसणारा स्वयंसेवक. तोही गावातलाच कोणीतरी. निवृत्त शिक्षक, दुकानदार, कोणाची आजी. त्याची आधी चौकशी होते, त्याला थोडं प्रशिक्षण देतात, आणि मग तो एका मुलाला किंवा मुलीला घेऊन आठवड्याला तासभर फिरतो. दर आठवड्याला एक तास धरला तर १२० तासांना दोन वर्षांहून अधिक लागतील! एवढा काळ परक्याच्या मुलाने गाडी घासटली तरी न ओरडता शेजारी बसायचं, हे काम पगारी माणसाला सांगून झालं नसतं. समाजाने चालवलेला रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी बोट दाखवीन ते याच्याकडे.

व्हिक्टोरियातच अकरावीच्या मुलांसाठी ‘फिट टू ड्राइव्ह’ म्हणून अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेतात. वरवर बघता आपल्या सभागृहासारखीच. पण वर्ग लहान गटांत बसतो, गटाशी बोलायला विशी-बाविशीतले ताई-दादा असतात, आणि विषय चालकाचा नसून सोबत बसणाऱ्याचा असतो. मित्राने दोन बिअर घेतल्यात आणि तो चावी फिरवतोय, तू मागे बसला आहेस, काय म्हणशील? उत्तराचं वाक्य आधी तोंडातून काढून बघायचं असतं. रस्त्यावर ऐन वेळी नवीन वाक्य सुचत नाही, हे त्यामागचं साधं गणित.

बोलण्याने खरंच काही होतं का? याचं सगळ्यांत लख्ख उत्तर केनियातून आलं. तिथे गावं जोडतात त्या माटाटू. चौदा आसनी व्हॅन, खच्चून भरलेली, वेळेशी शर्यत लावलेली. सातारा-सांगलीकडचं वडाप पाहिलेल्याला वेगळं वर्णन करून सांगायची गरज नाही. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या जेम्स हाब्यारिमाना आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी लांब पल्ल्याच्या माटाटूंचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटातल्या गाड्यांत आतल्या बाजूला, प्रवाशांना दिसतील असे स्टिकर लावले. मजकूर एवढाच, की चालक बेफाम चालवत असेल तर गप्प बसू नका, बोला. काही स्टिकरांवर अपघातात तुटलेल्या पायाचं चित्रही होतं. चालकांनी ते फाडून टाकू नयेत म्हणून सोडत ठेवली. पाहणीच्या वेळी सगळे स्टिकर जागेवर असले तर बक्षीस.

परिणाम कसा मोजायचा? चालकाला विचारून उपयोग नाही, पोलिसांकडे सगळे अपघात पोचत नाहीत. म्हणून त्यांनी विमा कंपन्यांकडे आलेले दावे पाहिले. २०११मध्ये छापून आलेल्या निष्कर्षानुसार स्टिकर असलेल्या गाड्यांचे दावे निम्म्याहून खाली आले. चार पैशांच्या कागदाने एवढं होतं, यावर विश्वास बसणं कठीण. त्यांनाही शंका होती. म्हणून ‘झुशा’ या नावाने, १२ हजारांहून जास्त गाड्यांवर, पुन्हा प्रयोग केला. २०१५मध्ये त्याचे आकडे आले: दाव्यांत पाव ते एक तृतीयांश घट. पहिल्याइतकी नाही, तरी दणदणीत.

स्टिकरने प्रवाशाला नवीन काही कळलं नव्हतं. गाडी भरधाव चाललीय, हे पोटात गोळा आलेल्या चौदाही जणांना ठाऊक असतं. अडचण अशी, की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे गप्प आहेत म्हणजे आपणच घाबरट. पहिला बोलणारा एकटा पडतो. चालक वर आरशात बघून म्हणतो, घाई नसेल तर उतरा. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ‘बोला’ असं छापलेलं असलं, की पहिला आवाज उठायला आधार मिळतो आणि दुसरा लगेच त्याला येऊन मिळतो. कळण्याचा तिथे काही प्रश्नच नव्हता. भिडेचा होता.

भीड ही जीवघेणी चीज आहे, हे विमानवाल्यांना फार मोठी किंमत मोजून समजलं. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या टेनेरीफच्या विमानतळावर, धुक्यात, दोन जंबो विमानं धावपट्टीवरच आदळली; ५८३ माणसं गेली. उड्डाण करू पाहणाऱ्या विमानाचा कप्तान कंपनीतला अतिशय ज्येष्ठ. दुसरं विमान अजून पट्टीवर असेल का, अशी शंका त्याच्याच फ्लाइट इंजिनीअरने बोलून दाखवली होती. कप्तानाने ती झटकली आणि इंजिनीअर पुन्हा बोलला नाही. त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवा धडा आला: धाकट्याने ठासून बोलायचं कसं आणि थोरल्याने ऐकायचं कसं.

आपल्या घरातल्या गाडीत हा धडा कोण देणार? मालक काकांनी गाडी घेतली आहे, हौसेने सगळ्यांना अष्टविनायकाला नेताहेत, आणि वळणावर ओव्हरटेक करताहेत. मागे तीन माणसं देवाचं नाव घेत बसलेली असतात. जावई चालवत असतील तर विचारूच नका. बायको बोलली तर ‘मग तू चालव’. ठरलेल्या गाडीत ड्रायव्हर परका असतो, तिथे तरी बोलावं, तर तो रागावला आणि मुद्दामच जोरात हाणली तर काय, अशी भीती. मला वाटतं, एसटीच्या बसमध्ये हा प्रश्न थोडासा तरी सुटलेला होता, कारण तिथे दुसऱ्या माणसाला अधिकार नेमून दिलेला असायचा. घंटीची एक टिंग म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आगारात गाडी मागे घ्यायची तर कंडक्टर उतरून शिट्टी वाजवणार, मगच मागे. ड्रायव्हर कितीही जुना असो, घंटी कंडक्टरच्या हातात.

मोठ्यांच्या दारू पिऊन गाडी चालवण्यावरही असाच शेजारून उपाय निघाला. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागातले जे विन्स्टन १९८८मध्ये हॉलिवूडला गेले आणि मालिका लिहिणाऱ्यांना त्यांनी एकच विनंती केली: पार्टीचं दृश्य असेल, तर त्यात आज न पिणारा, सगळ्यांना घरी सोडणारा एक जण असू द्या. भाषण नको, दोन वाक्यं पुरेत. चार हंगामांत १६०हून जास्त भागांत असा माणूस येऊन गेला आणि ‘आज माझी पाळी’ म्हणणं बावळटपणाचं राहिलं नाही. कल्पना मूळची स्कँडिनेव्हियातली. ऑस्ट्रेलियात २०००पासून ‘गुड स्पोर्ट्स’ हा कार्यक्रम गावातल्या क्रीडा मंडळांना हाताशी धरतो. सामन्यानंतर क्लबच्या बारमध्ये दारू कशी वाढायची, खायला काय ठेवायचं, प्यालेला गडी घरी कसा जाणार, हे मंडळानेच ठरवायचं. पोलिसाने अडवलं तर माणूस वाद घालतो; कबड्डीतल्या जोडीदाराने चावी काढून घेतली तर शिव्या देतो आणि मागे बसतो.

आपल्याकडे शेजारच्या आणि मागच्या सीटचा हिशेब किती मोठा आहे, तो केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात आहे. त्या वर्षी देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५०,०२९. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. सीट बेल्ट न लावलेले १६,७१५. त्यांपैकी ८,३३१, म्हणजे जवळजवळ निम्मे, गाडी चालवत नव्हतेच. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात गेले ते मागच्या सीटवर, बेल्ट न लावता. त्यानंतर काही दिवस सगळ्यांनी मागचे बेल्ट शोधले. बऱ्याच गाड्यांत ते सीट कव्हरच्या खाली दाबले गेलेले निघाले.

शेजारच्या माणसाने सगळं होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६मध्ये १५१ मृत्यू झाले. त्या वर्षापासून ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी मिळून काम केलं, आणि २०२०मध्ये आकडा ६६वर आला. २०२० लॉकडाउनचं साल, त्यामुळे त्याचा थोडा भाग सोडून द्यावा. पण उतार त्याआधीच लागला होता. त्यातलं पुष्कळ काम लोखंड-सिमेंटचं होतं: रस्त्याकडेला उघडे असलेले खांब आणि कठडे झाकणं, गार्डरेल बसवणं, थांबलेले ट्रक हलवणं. गाडी चुकली तरी माणूस मरू नये, असा रस्ता लागतो. तिथे प्रवाशाच्या बोलण्याचा काही संबंध नाही. कायद्याचंही तसंच. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९च्या दुरुस्तीने पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड ठेवला आहे. तो धाक हवाच.

पण आपल्या परवान्याच्या व्यवस्थेत मधली पायरीच नाही. शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवस झाले की पक्क्याची चाचणी देता येते, आणि अठराव्या वर्षी चाचणी पास झालेला मुलगा त्याच रात्री दीड वाजता चार मित्र भरून लोणावळ्याला निघाला, तर तो कोणताही नियम मोडत नाही. संसदेत कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घराने घरापुरता करायला कोणाची परवानगी लागत नाही: पहिलं वर्ष रात्री दहानंतर चावी खुंटीला, आणि गाडीत मित्र एकच. गणपती मंडळांना, दहीहंडीच्या पथकांना आणि तालमींना तर आपली पोरं हातात असतात. जानेवारीतल्या शपथेऐवजी मंडळाने विसर्जनाच्या रात्री घरी सोडायची चार कोरी माणसं नेमली, तरी मला ते मोठं काम वाटेल.

वडापमध्ये स्टिकर लावून चालेल का, याबद्दल मी साशंक आहे. ड्रायव्हरच्याच सीटवर त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं कोंबलेली असतात, मालकाला रोजचा आकडा द्यायचा असतो, आणि रोजच्या प्रवाशाला उद्या पुन्हा त्याच गाडीने जायचं असतं. केनियात सोडतीचं बक्षीस होतं, ते याच दुखण्यावर होतं. इथेही कोणीतरी ते द्यावं लागेल. घाटात मात्र ड्रायव्हरशी वाद न घालता त्याचा पाय ब्रेकवर आणणारं एक वाक्य मराठी प्रवाशाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. अकरावीच्या मुलांच्या कार्यशाळेत मी ते पहिल्याच तासाला घोकून घेईन. आवाज थोडा ओढून म्हणायचं, ‘दादा, उलटी येतेय.’